मदत म्हणू नका, उसने म्हणा

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण काही खास नाही, नेहमीचाच आळस. पण दिवाळीत घरी एक वाद झाला आणि तो अर्धवट राहिला. अर्धवट राहिलेला वाद मला पचत नाही हे घरच्यांना ठाऊक आहे. तेव्हा आज तो इथे पुरा करतो. भाचेबुवा हे वाचतातच, त्यामुळे त्यांना वेगळी मेल पाठवायची गरज नाही. :)

तर झालं असं. भाचा सुट्टीवर आला होता. तो युरोपात एका बँकेत हवामानविषयक कर्जांचं काम बघतो. फराळ चालू असताना सहज म्हणाला, "मामा, दक्षिण आफ्रिकेला कोळसा सोडायला आमच्याकडच्या देशांनी साडेआठ अब्ज डॉलरची मदत दिली. भारतानेही असं काहीतरी घ्यायला हवं होतं."

मी विचारलं, "मदत की कर्ज?"

"मामा, सवलतीचं कर्ज म्हणजे मदतच की!"

तिथून पुढे आवाज चढत गेले. शेवटी ताईने आम्हा दोघांपुढची ताटं उचलली आणि "आता बास" म्हणाली, म्हणून थांबलो.

आमच्या आईची एक वही होती. किराणा दुकानदाराकडे मिळते तशी, लाल कापडी पुठ्ठ्याची. कुणाला किती हातउसने दिले, कुणाकडून किती घेतले, ते त्यात लिहिलेलं असायचं. पण मावशीचं घर जळालं तेव्हा आईने जे दिलं, ते त्या वहीत कधीच आलं नाही. मी लहानपणी विचारलंही होतं, की हे का नाही लिहिलं? ती म्हणाली, "ते परत मागायचं नाहीये, मग लिहून काय करू?" मदत आणि उसने यांतला फरक मला इतका सोपा करून नंतर कुणी सांगितला नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की जगातले श्रीमंत देश वहीत लिहून ठेवलेल्या उसन्याला मदत म्हणतात, आणि आपणही ते मान डोलावून ऐकतो.

दक्षिण आफ्रिकेच्या भानगडीत मी एवढा का पडतो, तेही सांगतो. मी औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलो. बाबा शिफ्टला जायचे. भोंग्यावर घरातलं घड्याळ चालायचं. दोरीवरचे कपडे आई झटकून घरात आणायची, कारण त्यावर राख असायची. बाबांना निवृत्तीनंतर जो खोकला जडला तो शेवटपर्यंत गेला नाही. तेव्हा कोळशाबद्दल मला काही प्रेम आहे असं कुणी समजू नये. पण पुढे तिथली जुनी युनिटं बंद झाली तेव्हा काय झालं तेही मी पाहिलं. जे कायम नोकरीत होते त्यांची बदली झाली. ठेकेदाराची माणसं मात्र एका महिन्यात गायब झाली, गेटसमोरच्या दोन खानावळी बंद पडल्या, आणि सायकल दुरुस्तीवाला जो गावी गेला तो परत आलाच नाही. या लोकांचं नाव कुठल्याच आदेशात नव्हतं. युनिट बंद करणं चूक होतं असं नाही. ती म्हातारी झाली होती. पण बंद करण्याचा खर्च कुणाच्या खिशातून गेला, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

आता दक्षिण आफ्रिका. तिथली सुमारे ८० टक्के वीज कोळशापासून होते. कोळशाच्या खाणींत सुमारे ९० हजार माणसं काम करतात, आणि बहुतेक खाणी नि वीज केंद्रं म्पुमलांगा या एकाच प्रांतात दाटीने उभी आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि युरोपीय संघ यांनी जाहीर केलं, की दक्षिण आफ्रिकेला कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे 'न्याय्य' पद्धतीने जाता यावं म्हणून आम्ही ८.५ अब्ज डॉलर उभे करू. न्याय्य म्हणजे खाण कामगाराला वाऱ्यावर न सोडता. टाळ्या झाल्या. पुढे इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि सेनेगलशीही असेच करार झाले. भारताचंही नाव चर्चेत होतं, पण करार झाला नाही.

टाळ्यांनंतर वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेने आपला गुंतवणूक आराखडा प्रसिद्ध केला. त्यात या ८.५ अब्जांची फोड आहे. अनुदान, म्हणजे जे परत करायचं नाही, ते सुमारे ३३ कोटी डॉलर. शंभरातले चार. बाकी सवलतीची कर्जं, काही हमी, आणि सुमारे १८ टक्के तर चक्क व्यापारी दराची कर्जं. त्याच आराखड्यात म्हटलंय, की २०२३ ते २०२७ या पाच वर्षांत देशाला साधारण ९८ अब्ज डॉलर लागतील. म्हणजे गरजेच्या नऊ टक्क्यांहून कमी रक्कम, आणि त्यातलेही शंभरातले शहाण्णव कर्ज किंवा हमी. भाचेबुवा, 'साडेआठ अब्ज दिले' या वाक्यातलं 'दिले' हे क्रियापद एवढंसं आहे.

आता एका केंद्राची गोष्ट. कोमाती हे तिथलं जुनं केंद्र, १९६१ पासून चालू. ३१ ऑक्टोबर २०२२ ला त्याचं शेवटचं युनिट बंद झालं. कोळशाचं केंद्र बंद करून तिथेच सौर, पवन आणि बॅटरी उभी करायची, कामगारांना नवीन शिक्षण द्यायचं, असा नमुना म्हणून ते जगाला दाखवायचं ठरलं. त्यासाठी जागतिक बँकेने ४९.७ कोटी डॉलरचा प्रकल्प मंजूर केला. त्यातलं सुमारे ४४ कोटी बँकेचं कर्ज, पावणेपाच कोटी कॅनडाच्या निधीतून सवलतीचं कर्ज, आणि १ कोटी अनुदान. इथे तर शंभरातले दोन!

मग झालं काय? केंद्र बंद व्हायला एक दिवस पुरला, नवीन उभं राहायला वर्षं लागतात. कायम नोकरीतल्या बऱ्याच जणांना दुसऱ्या केंद्रांत पाठवलं. ठेकेदाराची माणसं आणि आसपासचे धंदे मात्र बसले. प्रशिक्षण केंद्र निघालं, मासे आणि भाजी एकत्र वाढवण्याचा एक छोटा प्रयोग झाला, पण त्यावर गाव जगत नाही. तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या हवामान आयोगानेच नंतर सांगितलं, की स्थानिक लोकांशी आधी पुरेसं बोललं गेलं नाही आणि पर्यायी कामं वेळेत तयार नव्हती. मी ते वाचलं तेव्हा मला आमच्या गेटसमोरच्या खानावळी दिसल्या. खंड वेगळा, भाषा वेगळी, बाकी सगळं तेच.

त्यात ते वर्ष कसलं होतं? २०२२ आणि २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत भारनियमनाने कहर केला होता. भारनियमन म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको. घरी दिवसाचे कित्येक तास वीज नाही आणि सरकार वीज केंद्र बंद करतंय, हे माणसाला कसं पटणार? परिणाम काय, तर पुढची तीन केंद्रं, कामडेन, हेंड्रिना आणि ग्रूटफ्लेई, यांना २०३० पर्यंत मुदतवाढ मिळाली. लोकांच्या गळी न उतरलेलं धोरण कागदावर कितीही हिरवं असलं तरी पुढे सरकत नाही.

आता या गोष्टीतला मला सर्वात झोंबणारा भाग. हीच जागतिक बँक एप्रिल २०१० मध्ये याच देशाला ३.७५ अब्ज डॉलरचं कर्ज देत होती. कशासाठी? त्यातले ३ अब्जांहून जास्त मेडुपी नावाच्या एका प्रचंड कोळसा केंद्रासाठी! जवळजवळ ४८०० मेगावॉटचं. तेव्हाही पर्यावरणवाल्यांनी ओरड केली होती, आणि मतदानाच्या वेळी अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ राहिले. तटस्थ म्हणजे हात वर नाही आणि खालीही नाही. कर्ज मंजूर झालं. मेडुपी रखडत रखडत २०२१ मध्ये पूर्ण झालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या एका युनिटमध्ये स्फोट झाला. तिथून तीन महिन्यांत ग्लासगोच्या टाळ्या.

म्हणजे हिशेब असा. कोळशाचं केंद्र बांधायला कर्ज द्या. बारा वर्षांनी कोळशाचं केंद्र बंद करायला कर्ज द्या. दोन्हींवर व्याज घ्या. आमच्या गावाकडे एक सावकार होता असं आजोबा सांगायचे. तो विहीर खणायला पैसे द्यायचा, आणि पाणी लागलं नाही की ती बुजवायलाही द्यायचा. आजोबांची ती गोष्ट खरी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

भाच्याचं म्हणणं होतं, "मामा, मेडुपीत भ्रष्टाचार किती झाला ते बघ ना. दोष तिथल्या सरकारचा आहे." अगदी मान्य. तिथली सरकारी वीज कंपनी एस्कॉम भ्रष्टाचाराने पोखरली गेली. तिच्या डोक्यावर सुमारे ४०० अब्ज रँडचं कर्ज साचलं, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात सरकारला २५४ अब्ज रँडचा बोजा आपल्या अंगावर घ्यावा लागला. पण टाळी एका हाताने वाजत नाही. मेडुपीचे बॉयलर हिताचीचे. तिथल्या सत्ताधारी पक्षाशी संबंधित कंपनीला दिलेल्या रकमांच्या प्रकरणात हिताचीने २०१५ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे १.९ कोटी डॉलर भरून, आरोप मान्य किंवा अमान्य न करता, विषय मिटवला. ते पैसे गेले अमेरिकेच्या तिजोरीत. मेडुपीच्या कर्जाचे हप्ते मात्र म्पुमलांगातली बाई विजेच्या बिलातून नाहीतर करातून भरते आहे.

भाच्याचा दुसरा मुद्दा जास्त वजनाचा होता. "बाजारातून कर्ज घेतलं असतं तर यापेक्षा कितीतरी महाग पडलं असतं. फ्रान्स आणि जर्मनीच्या विकास बँकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये ३०-३० कोटी युरो सरळ दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी तिजोरीत दिले, बाजारापेक्षा स्वस्त दराने. अटी कसल्या, तर धोरण सुधारा एवढ्याच." हे खरं आहे, आणि या प्रकारच्या कर्जाबद्दल आपण थोडं समजून घ्यायला हवं. याला धोरण-कर्ज म्हणता येईल. पैसे अमुक धरणाला किंवा तमुक पॅनेलला मिळत नाहीत. सरकारने काही कायदे, काही नियम, काही निर्णय करायचे, ते झाले की रक्कम तिजोरीत. आपल्यालाही जागतिक बँकेने जून २०२३ मध्ये कमी कार्बनच्या ऊर्जेसाठी असंच दीड अब्ज डॉलरचं कर्ज दिलंय, आणि पुढच्या वर्षी आणखी दीड अब्जाचं. सरकारं हे पैसे आनंदाने घेतात कारण ते स्वस्त असतात. मीही अर्थमंत्री असतो तर घेतले असते. स्वस्त कर्ज वाईट नाही. पण स्वस्त कर्ज हे कर्जच आहे.

आणि ते परकीय चलनातलं कर्ज आहे, हा कळीचा मुद्दा. आपल्यातल्या चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही एन्रॉन आठवत असेल. दाभोळच्या विजेचा दर डॉलरशी बांधलेला होता. १९९३ मध्ये करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता. २००१ मध्ये आपल्या वीज मंडळाने ती वीज घेणं थांबवलं तेव्हा ४७ च्या आसपास. बाकी कारणं होतीच, पण रुपया घसरला की आपोआप बिल फुगतं हा धडा महाराष्ट्राने पैसे मोजून शिकलेला आहे. ग्लासगोचा करार झाला तेव्हा डॉलर साधारण १५ रँडला होता. २०२३ च्या मध्यात तो १९ च्या पुढे गेला. नंतर उतरलाही, पण वीस वर्षांच्या कर्जात हे किती वेळा होईल? युरोत घेतलेलं कर्ज युरोत फेडायचं, आणि वीज विकायची रँडमध्ये. चलन घसरण्याची जोखीम सगळी घेणाऱ्याची. देणारा निवांत.

बरं, देणाऱ्यांचं स्वतःचं वागणं? ऑगस्ट २०२२ पासून युरोपीय संघाने रशियाच्या कोळशावर बंदी घातली. युद्ध होतं, बंदी योग्यच. पण मग कोळसा आणला कुठून? त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या रिचर्ड्स बे बंदरातून युरोपला जाणारा कोळसा कित्येक पटींनी वाढला. एका हाताने म्हणायचं की बाळा, कोळसा सोड, आणि दुसऱ्या हाताने त्याच्याच दुकानातून पोती उचलायची. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने या करारातून अंग काढून घेतलं. एक अब्ज डॉलरहून थोडा जास्त वाटा तिचा होता. सरकार बदललं, धोरण बदललं, गेले. कर्ज घेणाऱ्याला मात्र सरकार बदललं म्हणून हप्ता चुकवता येत नाही.

कुणी म्हणेल, दक्षिण आफ्रिका स्वतः मोठी प्रदूषक आहे, तिला कोळसा सोडायलाच हवा. हवाच. मार्च २०२२ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने सांगितलं, की म्पुमलांगातली विषारी हवा ही तिथल्या लोकांच्या घटनात्मक हक्काचा भंग आहे. बाबांचा खोकला ऐकलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. पण कोमाती बंद झाल्याने जो कार्बन वाचतो त्याचा फायदा लंडनला, बर्लिनला आणि आपल्या कोकणालाही होतो. फायदा सगळ्या जगाला आणि कर्ज एका देशाच्या नावावर, याला भागीदारी म्हणायचं? करारात तर 'भागीदारी' हाच शब्द आहे.

मग माझं म्हणणं काय? नुसती चिडचिड करून उठणं सोपं आहे, म्हणून नीट सांगतो.

पहिलं म्हणजे हिशेब खरा ठेवा. श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनला कबूल केलं होतं, की २०२० पासून विकसनशील देशांसाठी दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. ते जमलं २०२२ मध्ये, दोन वर्षं उशिरा. ११५.९ अब्ज असा आकडा त्यांच्याच संघटनेने जाहीर केला. पण त्यातल्या सरकारी पैशापैकी सुमारे ६९ टक्के कर्जं, आणि ती पूर्ण रकमेने मोजलेली! शंभर रुपये उसने दिले आणि एकशेदहा परत घेतले, तरी वहीत 'शंभर रुपये मदत' असं लिहायचं. कर्जात बाजारभावापेक्षा जेवढी सवलत दिली तेवढीच मदत धरा. आकडा लहान होईल, पण खरा होईल. २०२४ मध्ये बाकूला २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांचं नवीन उद्दिष्ट ठरलं तेव्हा भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी त्याला दृष्टिभ्रम म्हटलं. अनेकांना ते उद्धट वाटलं. मला नाही वाटलं.

दुसरं, आणि हे माझ्या मते सर्वात महत्त्वाचं. जे कमावतं त्याला कर्ज द्या, जे कमावत नाही त्याला अनुदान द्या. सौर प्रकल्प वीज विकेल, त्यातून हप्ता फेडेल. तिथे कर्ज ठीक आहे. पण ठेकेदाराच्या कामगाराला दोन वर्षं पोसणं, त्याला नवीन काम शिकवणं, गावाची शाळा नि पाणी चालू ठेवणं, यातून कुठला महसूल येणार आहे जो युरोत परत करता येईल? 'न्याय्य' हा शब्द ज्या भागासाठी वापरला, नेमका तोच भाग कर्जावर चालत नाही. आणि अनुदान शंभरातलं चार!

तिसरं, चलनाची जोखीम देणाऱ्याने निदान वाटून घ्यावी. रँडमध्ये द्या, रँडमध्ये घ्या. तुमच्याकडे मोठमोठ्या बँका आहेत, ती जोखीम कशी पेलायची हे तुम्हाला म्पुमलांगातल्या बाईपेक्षा जास्त कळतं. आणि चौथं, आधी नवीन उभं करा, मग जुनं बंद करा. सून आल्याशिवाय चूल विझवू नये, असं आमची आजी म्हणायची. ती वेगळ्या संदर्भात म्हणायची, पण इथे चालून जातं.

हे सगळं लिहिताना मला दक्षिण आफ्रिकेपेक्षा आपली काळजी जास्त वाटते. आपलीही बहुतांश वीज अजून कोळशाचीच आहे. आज ना उद्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कॉलन्यांचे भोंगे एकेक करून बंद होणार, आणि व्हायलाही हवेत. त्या दिवशी कुणीतरी परिषदेत उभं राहून मोठा आकडा सांगेल आणि टाळ्या होतील. तेव्हा आपल्यातल्या कुणीतरी उठून विचारावं, की यातलं परत किती करायचंय, कुठल्या चलनात, आणि खानावळवाल्याचं नाव कुठल्या पानावर आहे?

आईची ती वही अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या पानांवर बाबांच्या अक्षरात कुणाकुणाचे उसने फिटल्याच्या तारखा आहेत. मावशीच्या नावाचं पान त्यात नाही. भाचेबुवा, पुढच्या दिवाळीला याल तेव्हा दाखवतो. तुमच्या बँकेतल्या साहेबांनाही दाखवायला हरकत नाही.

असो. फार लांबलं. ज्यांना पटलं नाही त्यांनी जरूर भांडावं. ताई इथे ताट उचलायला येणार नाही.